कैवार संसदेचा, फायदा सरकारचा

‘संसद सर्वोच्च आहे’ हे वाक्य अलीकडे इतक्या ठामपणे उच्चारले जाते, की ते राज्यघटनेतच कुठेतरी लिहिलेले असावे असे ऐकणाऱ्याला वाटावे. जानेवारी २०२३ मध्ये जयपूरला पीठासीन अधिकाऱ्यांची परिषद भरली होती. तिथे तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या केशवानंद भारती खटल्याच्या निकालाशी आपण सहमत नसल्याचे जाहीरपणे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत बोलताना ते आणखी पुढे गेले. संसदेच्या वर कोणतीही सत्ता घटनेने कल्पिलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी अमरावतीत, आपल्या गावच्या माणसांसमोर, सर्वोच्च आहे ती राज्यघटना आणि तिन्ही स्तंभ तिच्याखाली काम करतात, असे स्पष्ट केले.

दोन उच्चपदस्थांमधला मतभेद म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. संसदेच्या सर्वोच्चतेचा युक्तिवाद आता टीव्हीवरच्या चर्चांत, विधानभवनाच्या आवारात, वकिलांच्या बैठकांत आणि सामान्य मतदाराच्या बोलण्यातही शिरला आहे. तो प्रामाणिकपणे मांडायचा तर असा: संसदेला जनता निवडून देते, न्यायाधीशांना कोणी निवडून देत नाही. घटनादुरुस्तीचा अधिकार अनुच्छेद ३६८ ने संसदेला दिला आहे आणि मूळ कलमात त्याला कोणतीही मर्यादा लिहिलेली नाही. ‘मूलभूत चौकट’ ही न्यायालयाने स्वतः काढलेली रेघ आहे. म्हणून तिच्या आधारे संसदेला अडवणे म्हणजे लोकांच्या इच्छेलाच अडवणे.

हा युक्तिवाद चुकीचा आहे आणि लोकशाहीला घातकही आहे. तो संसदेच्या नावाने केला जातो, पण त्याचा लाभ दर वेळी सरकारला मिळतो. घटनेने विधिमंडळाला घातलेल्या मर्यादा विधिमंडळाच्या विरोधात नाहीत. सत्तेवर बसलेल्या बहुमतापासून आणि मंत्रिमंडळापासून सभागृहाचे रक्षण करण्यासाठी त्या आहेत.

प्रथम घटनेचे कलमच वाचू. अनुच्छेद ७९ म्हणतो, संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन सभागृहे. म्हणजे लोकसभेतले बहुमत ही संसद नव्हे. ती संसदेच्या एका भागातली एक संख्या आहे. अनुच्छेद २४५ कायदे करण्याचा अधिकार देतो, पण ‘या संविधानाच्या तरतुदींच्या अधीन राहून’ देतो. अनुच्छेद १३ मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्य ठरवतो. अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची केंद्राचे विषय, राज्यांचे विषय आणि समवर्ती विषय वाटून देतात. अनुच्छेद ८३ लोकसभेला पाच वर्षांची मुदत घालतो. अनुच्छेद ८५ सांगतो की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. अनुच्छेद १०० गणसंख्येसाठी एक दशांश सदस्यांची हजेरी मागतो. आणि ज्या अनुच्छेद ३६८ चा दाखला दिला जातो, तोही एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश, आणि काही विषयांसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती अशा अटी घालतो. वस्तू आणि सेवा कर आणणारी २०१६ ची घटनादुरुस्ती राज्यांच्या या संमतीशिवाय होऊच शकली नसती.

जी संस्था घटनेच्या एका प्रकरणातून जन्माला येते, जिची मुदत, रचना, विषय आणि मतदानाची पद्धत घटना ठरवते, ती त्याच घटनेच्या वर कशी जाईल? ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम आहे, कारण तिच्या वर लिखित घटना नाही. तिथल्या संसदेने दोन्ही महायुद्धांच्या काळात साध्या कायद्याने स्वतःची मुदत वाढवली. आपल्या घटनाकारांना ब्रिटिश पद्धत उत्तम माहीत होती. जबाबदार मंत्रिमंडळ, अर्थसंकल्पाची रीत, सभापतीचे पद हे सगळे त्यांनी तिथून घेतले. संसदेचे सार्वभौमत्व मात्र घेतले नाही.

हा प्रश्न आपल्याकडे १९६४ मध्येच समोरासमोर आला होता आणि त्याचे उत्तरही तेव्हाच मिळाले. उत्तर प्रदेश विधानसभेने गोरखपूरच्या केशव सिंह नावाच्या समाजवादी कार्यकर्त्याला एका पत्रकावरून हक्कभंगासाठी दोषी धरले आणि सात दिवसांसाठी तुरुंगात पाठवले. त्याच्या वतीने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे याचिका आली. दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला. त्यावर विधानसभेने ठराव केला, की केशव सिंह, त्याचे वकील आणि ते दोन न्यायमूर्ती या सगळ्यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करा! उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. देश घटनात्मक पेचाच्या काठावर उभा राहिला. अखेर राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले.

सात न्यायमूर्तींच्या पीठाचे बहुमताचे मत लिहिले ते सातारचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. त्या मताचा गाभा असा, की इंग्लंडच्या संसदेचे सार्वभौमत्व भारतातल्या विधिमंडळांना लाभलेले नाही. इथे लिखित घटना सर्वोच्च आहे आणि विधिमंडळाचे विशेषाधिकारही तिच्या चौकटीतच वापरायचे आहेत. या प्रकरणाचा शेवट सर्वोच्चतावादी मंडळी सहसा सांगत नाहीत. पुढे उच्च न्यायालयाने केशव सिंहची याचिका फेटाळली. सभागृहाचा अवमान झाल्यास शिक्षा करण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. सभागृहाचा अधिकार शाबूत राहिला. गेला तो फक्त कोणालाही उत्तरदायी नसण्याचा दावा. अधिकार आणि मर्यादा एकाच वेळी नांदू शकतात, हे त्या निकालाने दाखवून दिले.

आता जनादेशाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण सगळा भर त्यावरच आहे. स्वतंत्र भारतात आजवर एकाही पक्षाला लोकसभा निवडणुकीत एकूण मतांपैकी निम्मी मते मिळालेली नाहीत. १९७१ मध्ये काँग्रेसला सुमारे ४४ टक्के मतांवर ३५२ जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. आपल्या निवडणूक पद्धतीत हे पूर्णपणे वैध आहे आणि त्या सरकारांना राज्य करण्याचा पूर्ण हक्क होता. पण राज्य करण्याचा हक्क वेगळा आणि राज्य करण्याचे नियमच बदलण्याचा अमर्याद हक्क वेगळा. ज्यांनी त्या पक्षाला मत दिले नाही, ते नागरिकही ‘आम्ही भारताचे लोक’ यातच मोडतात. त्यांच्याशी केलेला करार म्हणजे घटना. पाच वर्षांसाठी आलेले बहुमत तो एकतर्फी मोडू शकत नाही.

आणि बहुमत असे काही करणार नाही, असे समजायचे कारण इतिहासाने आपल्याला ठेवलेले नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. महिनाअखेरच्या आतच आणीबाणी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ती दुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत आणि ८ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाली. ९ ऑगस्टला राज्यांच्या विधिमंडळांनी तिला मान्यता दिली आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी ठरलेली होती. विरोधी पक्षांचे कित्येक खासदार तेव्हा तुरुंगात होते. राज्यसभेने तर पंतप्रधानपद भूषवलेल्या व्यक्तीला फौजदारी कारवाईपासून आजन्म संरक्षण देणारे आणखी एक दुरुस्ती विधेयकही संमत केले होते. ते पुढे सरकले नाही एवढेच.

संसद सर्वोच्च असेल, तर हे सारे योग्यच मानावे लागेल. दोन तृतीयांश बहुमत होते, राज्यांची संमती होती, राष्ट्रपतींची सही होती. कलमाची अक्षरे सगळी पाळली गेली होती. मूलभूत चौकटीच्या सिद्धान्तावाचून एकोणचाळिसाव्या दुरुस्तीला कोणत्या आधारावर नाही म्हणणार? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्चतावाद्यांनी आजवर दिलेले नाही.

त्याच लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणीच्या तरतुदीचा आधार घेऊन ती एकेक वर्षाने दोनदा वाढवण्यात आली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर लोकसभेची नेहमीची मुदतच पाचाऐवजी सहा वर्षे केली आणि कोणत्याही घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असेही लिहून ठेवले. पुण्यात जन्मलेले मधू लिमये तेव्हा तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठी दिलेले पद त्याहून अधिक काळ सांभाळणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी आणि शरद यादव यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. संसदेचा मान कशात असतो हे त्या दोघांना कळले होते. मुदत वाढवून घेणाऱ्या बहुमताला ते कळले नाही.

केशवानंद भारतीचा निकाल २४ एप्रिल १९७३ चा. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. हा निकाल म्हणजे संसदेवर घातलेला घाला, असे त्याचे चित्र रंगवले जाते. त्याआधी १९६७ च्या गोलकनाथ निकालाने संसदेला मूलभूत हक्कांना दुरुस्तीने हात लावायलाच मनाई केली होती. केशवानंद निकालाने ती मनाई उठवली. संसद घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, हे त्याने मान्य केले आणि एकच अट घातली: घटनेची ओळखच पुसली जाईल असे काही करू नका. म्हणजे आधीच्या स्थितीच्या तुलनेत केशवानंदने संसदेचा अधिकार वाढवला. त्यानंतर जवळपास पंच्याहत्तर घटनादुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी न्यायालयाने पूर्णतः किंवा अंशतः रद्द केलेल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. पंचायत राज, मतदानाचे वय अठरा करणे, शिक्षणाचा हक्क, वस्तू आणि सेवा कर, आर्थिक दुर्बलांचे आरक्षण, महिलांना लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देण्याची तरतूद हे सगळे या पन्नास वर्षांत झाले. अडवलेली संसद इतके काम करते का?

ही मर्यादा कोणाच्या लहरीतून आली, असे म्हणणाऱ्यांनी तिच्या घडणीकडे पाहावे. १९६५ च्या सज्जन सिंह खटल्यात न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी आपल्या स्वतंत्र मतात शंका उपस्थित केली होती, की घटनेची मूलभूत वैशिष्ट्ये बदलणे ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे? उत्तर त्यांनी दिले नाही. प्रश्न मात्र मांडून ठेवला. आठ वर्षांनी केशवानंद खटल्यात मुंबईचे वकील नानी पालखीवाला त्याच्या उत्तरासाठी झगडले. त्याच खटल्यात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड अल्पमतात होते. संसदेच्या दुरुस्ती-अधिकाराला अशी मर्यादा नाही, असे त्यांचे मत होते. केरळ सरकारच्या बाजूने उभे असलेले ज्येष्ठ विधिज्ञ एच. एम. सीरवाई यांचेही तेच मत होते. मग आणीबाणी आली आणि अमर्याद अधिकार हाती आल्यावर बहुमत काय करते, हे दोघांनी पाहिले. सीरवाईंनी आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत भूमिका बदलली आणि मूलभूत चौकटीचा सिद्धान्त स्वीकारला. चंद्रचूडांनी १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या दुरुस्तीचे वादग्रस्त कलम रद्द करण्यात भाग घेतला. १९८० मध्ये तर मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश म्हणून बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला. ज्याला मर्यादित अधिकार मिळाला आहे, तो त्याच अधिकाराचा वापर करून स्वतःला अमर्याद अधिकार देऊ शकत नाही, हे त्यातले सूत्र. या दोन विधिज्ञांचा प्रवास दिशाहीन नव्हता. त्यांच्या समोर जे घडले, त्यानेच त्यांना मर्यादेच्या बाजूला आणले.

प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी टाळणार नाही. न्यायालये चुकतात. १९७६ मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत नागरिकाला जगण्याच्या हक्कासाठीही दाद मागता येणार नाही असे म्हटले. त्या बहुमतात चंद्रचूडही होते, न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणुकांसाठीचा राष्ट्रीय आयोग चार विरुद्ध एक अशा मताने रद्द झाला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची पद्धत योग्य की अयोग्य यावर गंभीर वाद आहे आणि त्या निकालावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण एका निकालावरच्या टीकेतून मर्यादाच नको असा निष्कर्ष निघत नाही. जबलपूर खटल्यातली चूक न्यायालय फार बोलल्याची नव्हती. सरकारला नाही म्हणण्याचे धैर्य त्याने दाखवले नाही, ही ती चूक होती. न्यायालयाला जाब विचारायचा असेल, तर मर्यादा पाळून घेण्यात तू कुठे कमी पडलास, असा विचारला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. संसद दुबळी झाली आहे, हे खरे आहे. पण तिला दुबळे कोणी केले?

पहिले हत्यार वटहुकूम. घटनेने तो सभागृहे सत्रात नसताना, तातडीच्या प्रसंगासाठी दिला. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहाने संमत केला नाही तर तो संपतो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५० च्या दशकात वटहुकमांच्या वाढत्या वापराबद्दल सरकारला पत्रे लिहून स्पष्ट नापसंती कळवली होती, तीही आपल्याच पक्षाच्या सरकारला. संसदेचा कैवार घेणे म्हणजे काय याचा तो नमुना होता. पुढे काय झाले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डी. सी. वाधवा यांनी शोधून काढले. बिहार सरकारने १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर दहा वर्षांहून अधिक काळ. विधिमंडळासमोर कायदा आणलाच नाही. वाधवा न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेशी केलेली लबाडी ठरवले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, पुन्हा बिहारच्याच प्रकरणात, तेच सूत्र आणखी कडक केले. या प्रकरणात विधिमंडळाच्या बाजूने कोण उभे राहिले? पुण्यातला एक अभ्यासक आणि न्यायालय. विरोधात उभे होते ते सरकार.

दुसरे हत्यार धन विधेयक. धन विधेयकावर राज्यसभेला फक्त चौदा दिवस आणि सूचना करण्यापुरता अधिकार मिळतो. लोकसभा त्या सूचना सरळ नाकारू शकते. म्हणून अनुच्छेद ११० मध्ये धन विधेयक कशाला म्हणायचे, याची व्याख्या काटेकोर केलेली आहे. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक म्हणून आणले गेले. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. २०१७ मध्ये निवडणूक रोख्यांची तरतूद अर्थ विधेयकात गुंफून आणली गेली. त्याही वेळी राज्यसभेचे हात बांधलेलेच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे रोखे मतदारांच्या माहितीच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द झाले. धन विधेयकाच्या व्याख्येचा प्रश्न मात्र २०१९ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवल्याला वर्षे उलटली. राज्यांचे सभागृह असे बाजूला ढकलले जाते, तेव्हा संसदेच्या सर्वोच्चतेची आठवण कोणाला होत नाही.

तिसरी गोष्ट सभागृहातली रीत. जून २०२० मध्ये कृषी कायदे वटहुकूम म्हणून आले. २० सप्टेंबर रोजी राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, असे कारण देऊन पीठासीनांनी गोंधळात आवाजी मतदानानेच निर्णय दिला. १४ महिन्यांनी तेच कायदे दोन्ही सभागृहांनी चर्चेविना काही मिनिटांत मागे घेतले. करताना मते मोजली नाहीत आणि मोडताना चर्चा केली नाही. या दोन्ही वेळी संसद फक्त शिक्का मारण्यापुरती वापरली गेली. पीआरएस या संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत अवघी १६ टक्के. मार्च २०१८ मध्ये अर्थ विधेयक आणि सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना संमत झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच अधिवेशनात १४६ खासदार निलंबित झाले आणि त्या रिकाम्या बाकांसमोर देशाचे फौजदारी कायदे बदलले गेले. सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्ष मिळाला नाही. अठराव्या लोकसभेचे पहिले वर्ष उलटूनही ती खुर्ची रिकामीच राहिली. अनुच्छेद ९३ तर ही निवड शक्य तितक्या लवकर करायला सांगतो.

चौथी गोष्ट प्रतोदाचा आदेश. १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतराला आळा घालण्यासाठी दहावी अनुसूची आणली. हेतू योग्य होता. पण पक्षादेश प्रत्येक मतदानाला लागू झाला आणि खासदार किंवा आमदार स्वतःच्या विवेकाने एका विधेयकावरही मत देऊ शकत नाही, अशी अवस्था आली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की अपात्रता विश्वासमताच्या मतदानापुरती ठेवा. तीन दशके उलटली, कोणत्याही सरकारने ते ऐकले नाही. पक्षाच्या कार्यालयातून चालणारे सभागृह स्वतःचे मालक कसे होणार?

या सगळ्या यादीत न्यायालयाने संसदेचा अधिकार काढून घेतल्याचे उदाहरण एकही नाही. ज्यांनी काढून घेतला, ते सरकारात होते, आणि त्यांपैकी कित्येक जण संसदेच्या सर्वोच्चतेवर भाषणेही करत होते. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे या यादीत येतात. म्हणूनच हा प्रश्न एखाद्या पक्षाचा न राहता सत्तेच्या सवयीचा होतो.

मर्यादा कोणाला वाचवते, याचे सगळ्यात बोलके उदाहरण महाराष्ट्रानेच दिले आहे. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भारतीय जनता पक्षाच्या बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. तेव्हा सत्तेत महाविकास आघाडी होती. सभागृहाच्या अंतर्गत कामकाजात न्यायालयाने पडू नये, हा युक्तिवाद तेव्हाही झाला. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने अधिवेशनापलीकडचे ते निलंबन घटनाबाह्य ठरवले. वर्षभर बारा मतदारसंघांना प्रतिनिधीच नाही आणि जागा रिक्त नसल्याने पोटनिवडणूकही नाही, अशी स्थिती घटनेला मान्य होऊ शकत नाही, हा त्यामागचा विचार होता. त्याच मर्यादेने आज विरोधात असलेल्यांना उद्या आधार द्यायचा आहे. बांध घातला म्हणून शेत लहान होत नाही. बांध फुटला तर माती वाहून जाते आणि मग नांगरायला उरत नाही. सभागृहाचेही तसेच आहे.

घटना सभागृहाला फक्त अडवते, असेही नाही. ती त्याला जपतेही. अनुच्छेद १०५ आणि १९४ सदस्याला सभागृहात बोलण्याचे स्वातंत्र्य देतात. तिथल्या भाषणासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अनुच्छेद १२२ आणि २१२ सांगतात की कामकाजातल्या केवळ कार्यपद्धतीच्या त्रुटीवरून न्यायालय हस्तक्षेप करणार नाही. मार्च २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींनी सीता सोरेन प्रकरणात १९९८ चा निकाल फिरवला आणि सभागृहात मत देण्यासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही, असे ठरवले. त्या निकालाने विशेषाधिकाराची किंमत वाढली, कारण विकत घेतलेल्या मताला संरक्षण देणारा विशेषाधिकार कोणत्याही सभागृहाची शोभा वाढवत नाही.

संसदेबद्दल खरी तळमळ असेल तर मागण्या ठोस हव्यात. लोकसभेला उपाध्यक्ष द्या. विधेयक समितीकडे पाठवणे हा नियम करा, अपवाद नको. मतविभागणी मागितली तर ती घेतलीच पाहिजे, सभागृहातला गोंधळ हे कारण पुरेसे मानू नका. वर्षातले बैठकीचे किमान दिवस कायद्याने ठरवा. सहा महिन्यांचे अंतर पाळण्यासाठी उरकलेले अधिवेशन कोणाच्या उपयोगाचे? महाराष्ट्र विधिमंडळाचे डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन एका आठवड्यात आटोपले आणि विदर्भाचे प्रश्न पुन्हा पुढच्या वर्षावर गेले. अपात्रतेच्या याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले होते आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले होते. तो विचार आता व्हायला हवा. पक्षादेश विश्वासमतापुरता आणि अर्थसंकल्पापुरता ठेवा. आणि धन विधेयकाच्या व्याख्येवरचा सात न्यायमूर्तींचा निकाल लवकर यावा, यासाठी न्यायालयालाही जाब विचारा.

या मागण्या मान्य झाल्या तर संसद बळकट होईल आणि सरकारला दररोज तिच्यापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागेल. घटनाकारांनी संसद त्यासाठीच निर्माण केली आणि तिला मर्यादाही त्यासाठीच घातल्या. जो कोणी यापुढे ‘संसद सर्वोच्च आहे’ असे म्हणेल, त्याला एकच प्रश्न विचारावा: गेल्या अधिवेशनात तुमच्या पक्षाने किती विधेयके समितीकडे पाठवली आणि किती वेळा मतविभागणी मान्य केली? उत्तर देता आले, तर त्याला संसदेची काळजी आहे असे मानू. देता आले नाही, तर त्याने संसदेच्या नावाने बोलू नये.